दातांचं काम होईपर्यंत

— आणि श्वास नाकाने घ्या. नाकाने, भाऊजी. तोंडाने घ्यायला जागा आहे कुठे, मापाचा सगळा ट्रे भरलाय ना. हां, असं. जीभ वर उचला, एकदा ओठांवरून फिरवा — फिरली? — आता आत घ्या आणि गप पडून राहा. हे घट्ट होईपर्यंत हलायचं नाही, आणि बोलायचं तर मुळीच नाही. मघाशी काय सांगत होतात ते राहू दे तसंच, पळून नाही जात ते. हाताने खूणसुद्धा नको. हात हलला की मान हलते, मान हलली की जबडा हलतो, आणि जबडा हलला की माप गेलं, मग परत पहिल्यापासून. गेल्या वेळी काय झालं? आणि त्याच्या आधी? तुम्ही म्हणाल, मी हललो नव्हतो. हलला होतात. मी इथे उभी राहून बघत होते की. लाळ येतेय ती येऊ दे, त्यासाठीच गळ्यात टॉवेल बांधलाय. आता तुम्ही मोठे दीर, घरात मी तुमच्यासमोर आवाज चढवून बोलणार नाही, कधी बोललेय का? — त्या फोनवर बोलले ते सोडून द्या, त्याच्यावर येते मी — पण ही खुर्ची एकदा मागे कलली की इथे दीर नाही न् कुणी नाही, इथे फक्त तोंड. तुमच्या धाकट्या भावाची अक्कलदाढ मी ह्याच खुर्चीत काढली. तेव्हा तेसुद्धा असेच गप पडून होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तेवढं शांतपणे माझं कधी ऐकून घेतलं नव्हतं त्यांनी.

तुम्हाला घाई आहे, ते कळतंय मला. आल्या दिवसापासून तुमचं एकच पालुपद — एक साधी पट्टी करून टाक, दोन्हीकडे चार-चार दात चिकटव, आणि मोकळं कर मला. करून देणारे आहेत तसे. गल्लीच्या तोंडाशीच एक बसतो, आज माप, उद्या दात. पण मग ते दात खिशात घालून फिरावं लागतं, तोंडात नाही. का? सांगते. तुमच्या खालच्या जबड्यात पुढचे सगळे जागेवर आहेत, अगदी छान आहेत, पण मागच्या दाढा दोन्ही बाजूंनी साफ. म्हणजे जी कवळी मी करणार, तिला पुढे दात आहे टेकायला, मागे काहीच नाही. मागे नुसती हिरडी. दात कसा, फरशीसारखा, दाबलात तरी जागचा हलत नाही. हिरडी म्हणजे गादी. आता टेबलाचे दोन पाय फरशीवर ठेवा आणि दोन गादीवर, आणि त्या टेबलावर कणीक मळा बरं. काय होईल? दर दणक्याला मागची बाजू खाली जाणार, आणि पुढच्या ज्या दाताला आपण तार अडकवली तो दात मागे ओढला जाणार. दर घासाला. तो बिचारा शेवटचा उभा दात. दिसायला एकदम धट्टाकट्टा, कीड नाही, कळ नाही, कधी तक्रार म्हणून नाही. सगळी कवळी त्यालाच लोंबकळतेय. आणि एक दिवस तो डुगडुगायला लागतो. मग लोक येतात माझ्याकडे डोळे विस्फारून — अहो डॉक्टर, हा तर चांगला होता! चांगला होता म्हणून तर सगळं त्याच्या गळ्यात घातलंत ना.

मी दाताबद्दल बोलतेय. भुवया कशाला वर करताय? भुवया हलल्या तरी जबडा हलतो.

तर मग उपाय काय? उपाय हा की भार एकावर टाकायचा नाही. वाटायचा. मागची गादी आहे ना, ती कवळीने जेवढी झाकता येईल तेवढी झाकायची, पार शेवटपर्यंत, म्हणजे दाब पसरतो. पुढच्या दातांना आतून एक धातूची दांडी फिरवायची, म्हणजे ह्या बाजूचं वजन त्या बाजूलाही कळतं. दाताच्या माथ्यावर एक छोटीशी खाच करायची, तिच्यात कवळीचा पाय टेकतो, नाहीतर कवळी रुतत जाते हिरडीत. आणि तार — लोकांना वाटतं तार म्हणजे काय, दाताला अडकवायचा आकडा. पण बाहेरून आकडा ओढतोय तर आतून दुसरा हात लागतो दाताला धरून ठेवायला. एका बाजूने ओढ आणि दुसऱ्या बाजूने कुणी धरलेलंच नाही, तर दात किती दिवस तग धरणार? आणि शिवाय हे सगळं एकाच वाटेने आत जायला पाहिजे आणि त्याच वाटेने बाहेर यायला पाहिजे. एक दात इकडे कललेला, एक तिकडे, सगळ्यांची मनं राखत एक वाट काढायची. म्हणून आधी माप, मग साचा, साच्यावर आराखडा, मग तुमच्या दातांना खाचा, मग परत माप, मग धातूची चौकट, ती घालून बघायची, दुखलं तर घासायची, मग मेणात दात लावून बघायचे — हूं हूं काय? अजून नाही झालं घट्ट. वाटीतलं उरलेलं घट्ट झालंय ते मलाही दिसतंय. वाटीतलं वेगळं, तोंडातलं वेगळं. महिना तर सहज जातो. दीडही जातो. काही काही लोकांचं दोन-दोन महिने चालतं.

जाऊबाई वाट बघतायत, माहितीये मला. रोज फोन येतो. आणि ह्यांनी मला सांगितलंय सगळं, तेव्हा तुम्ही घसा खाकरून प्रस्तावना करायची काही गरज नव्हती. "दादा म्हणाला, दातांचं काम झालं की आईला घेऊन जातो. कायमची." तेच सांगणार होतात ना मघाशी? मला ठाऊक आहे. आनंद आहे. मी तर केव्हाची म्हणतेय, न्या. फोनवर बोलले होते की मी तुम्हाला, इथेच उभी होते, ह्या बेसिनपाशी — सगळा भार माझ्या एकटीवर का म्हणून, तुम्हीसुद्धा त्यांचा मुलगाच आहात ना, का आम्ही काय आईंना आंदण घेतलंय? — जरा जोरात बोलले असेन, एकाची दाढ तुटून मुळं आत राहिली होती त्या दिवशी, डोकं ठिकाणावर नव्हतं. पण खोटं काय बोलले? एक शब्द खोटा नव्हता. तुम्ही वर्षातून एकदा यायचं, आईच्या मांडीवर डोकं ठेवायचं, त्यांनी तुमच्या टकलावरून हात फिरवायचा, आणि मग औषधं, डॉक्टर, गुडघे, रागरुसवे सगळं आमच्याकडे ठेवून जायचं. तर आता नेताय ना? न्या. उशिरा का होईना, सुचलं हे काय कमी आहे.

तुम्हाला कल्पना नाही हो. आई बाहेरच्या बाकावर बसतात दिवसभर. माझ्या पेशंटांबरोबर. मी सांगून थकले, आई, आत बसा, पंखा आहे, खिडकी आहे. नाही. बाकच पाहिजे. आणि येणाऱ्या प्रत्येकाला — बघू, आ कर. गाल जरा सुजलेला दिसला की झालं. "काढायलाच लागणार हो ही." माझ्याकडे येईपर्यंत माणूस अर्धमेला झालेला असतो! मागे एक जण चप्पल घालून निघूनच गेला, नुसता साफ करून घ्यायला आला होता. आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबरच असतं, त्याचा तर जास्त राग येतो. बिना शिक्षणाचं निदान. पोरं रडायला लागली की आईंचं सुरू — तुला माहितीये का, ही डॉक्टरीणबाई माझी सून आहे, तिने तुला दुखवलं तर मी तिला घरात घेणार नाही. पोरं गप. आत येतात ती हसतच. नाही, ते एक बरं आहे. तेवढं एक.

आणि भांडण. आमचं भांडण तुम्ही बघितलंच नाहीये कधी, तुम्ही आलात की आम्ही दोघी अशा वागतो, जशा काय सख्ख्या बहिणी. एरवी रोज असतं. खिडकी उघडी ठेवायची की बंद, ओला टॉवेल कुठे वाळत घालायचा, मीठ, दुधावरची साय, काहीही चालतं. पण आईंची एक पद्धत आहे. त्यांची कवळी, मीच केलीये ती, पूर्ण तोंडाची, आणि सांगते, एवढं सुंदर काम माझ्या हातून पुन्हा झालं नाही — ती कवळी त्या एरवी काढून ठेवतात. चिनी मातीची वाटी आहे, तिच्यात पाणी, वर बशी झाकलेली. म्हणतात, घरात कशाला लावायचे दात, कुणाला दाखवायचेत? पण भांडायचं असलं की दात पाहिजेत. बिना दातांचं "थ" येतं, "फ" येतं, आणि मी एकदा हसले होते. ते लक्षात ठेवलंय. तेव्हापासून काय करतात, मी काही बोलले की बोट वर करतात — थांब. आत जातात. बशी काढल्याचा आवाज येतो, टण्ण. पाणी झटकतात. लावतात. दोनदा चावून बघतात. आणि मग बाहेर येऊन असं काही सुनावतात की विचारू नका.

मी थांबते तोवर. म्हणजे काय करणार, थांबतेच. एकदा तर पेशंटचं तोंड उघडं ठेवून थांबले होते. भांडण झालं की दात लावलेलेच असतात, म्हणून मग जेवायला बसतात. नीट चावून जेवतात. तुम्हाला सांगू का, मला आधी कळलंच नव्हतं. ज्या दिवशी भांडण नाही त्या दिवशी त्या नुसतं मऊ मऊ गिळून उठतात. मग माझ्या लक्षात आलं. तेव्हापासून जेवणाच्या जरा आधी मी टॉवेल मुद्दामच — ते जाऊ दे. ते महत्त्वाचं नाही.

असो. तुमची वरची दाढ. ती थोडी घासावी लागेल. खाली उतरलीये. खालच्या दाढा जाऊन किती वर्षं झाली? बरीच. समोर कुणी नाही ना. दात असा आहे भाऊजी, तो समोरच्याच्या जिवावर जागेवर असतो. रोज एकमेकांवर आपटतात, बघणाऱ्याला वाटतं झिजवतायत एकमेकांना. झिजवतातच, नाही असं नाही. पण समोरचा गेला ना, की हा उतरत येतो खाली, हळूहळू. समोर काहीच नसतं, तरी येत राहतो. आणि मग एक दिवस गळतो. कीड नाही, काही नाही. निरोगी दात गळतो. मी काढलेत असे. हातात घेऊन बघत बसावंसं वाटतं.

आता तिथे तुमच्या घरी जाऊबाई. फार चांगल्या आहेत, मी कधी वाईट बोलणार नाही. पण तोच तर प्रश्न आहे! त्या भांडणार नाहीत. "हो आई. बरं आई. तुम्ही म्हणाल तसं आई." त्यांच्या तोंडून दुसरं काही निघत नाही. मग आईंनी दात लावायचे कशासाठी? नाही लावणार. वाटीत राहतील. आणि कवळी फार दिवस वाटीत राहिली की मग बसत नाही, तोंडातल्या जागा बदलतात. मग लावायची म्हटली तरी टोचते, म्हणून मग परत वाटीत. तुमच्याकडे नुसत्या गिळून राहतील त्या. वाळून जातील, भाऊजी. तुम्हाला कळणारही नाही, तुम्ही म्हणाल वय झालं. आणि इथे बाकावर पोरं येणार, रडणार, त्यांना सांगायचं कुणी? मी सांगू, की मी मलाच घरात घेणार नाही?

आणि मला सवय झालीये त्यांची. मला करमणार नाही. झालं, बोलले. आता त्याचं काही मोठं करू नका, आणि ह्यांना तर मुळीच सांगू नका, ते हसतील.

पण तुम्ही ठरवलंत तर तुम्ही मोठे, मी कोण अडवणार? मी फक्त एवढंच म्हणतेय, की काम नीट व्हायला वेळ लागतो. घाईत केलेलं आयुष्यभर टोचतं. आणि दुसरं म्हणजे — हे मला जरा खटकतंय — मी तुम्हाला केला त्या फोनपासून आईंचं काहीतरी बिनसलंय. म्हणजे बिनसलेलं नाहीये, तेच बिनसलंय. गोड बोलतायत. बोळक्या तोंडाने "बरं बाळ" म्हणतात मला. बाळ! टॉवेल दारावर टाकला, काही नाही. खिडकी सताड उघडी ठेवली, उठून शाल घेतली आणि गप बसल्या. काल तर मीठ दोनदा घातलं भाजीत. जेवल्या. म्हणाल्या, छान झालीये. दात वाटीतच. बाकावरसुद्धा नाही बसत, आत पलंगावर बसून साड्यांच्या घड्या घालतात आणि मोडतात. आता तुम्ही नेणार म्हटल्यावर त्यांनाही हुरूप आला असेल, मोठा मुलगा शेवटी. साहजिक आहे. मी काही मनाला लावून घेतलेलं नाही.

बरं बरं, काढते. एवढे डोळे मोठे करायला नकोत. आ करा. मोठं — अजून — हं, आला. चूळ भरा. अजून एक. त्या बेसिनमध्ये थुंका, माझ्या पायावर नाही.

वा. काय माप आलंय! बघा. हे बघा, शेवटपर्यंत आलंय, मागची हिरडी पूर्ण, एक बुडबुडा नाही, शेवटच्या दाताची कड तर अशी उमटलीये की लॅबवाला फ्रेम करून लावील. म्हणजे आता कारण काही राहिलं नाही. आता हे पाठवायचं आणि — हं, बोला. आता बोला ना, मघापासून हातवारे चालले होते. पुसा आधी हनुवटी.

काय?

नाही, परत सांगा. तुम्ही ठरवलं नाही? मग कुणी? — कोणी फोन केला तुम्हाला? आईंनी? त्यांना तर नंबरसुद्धा लावता येत नाही. — पेशंटकडून लावून घेतला. बाकावरच्या. — काय म्हणाल्या? नाही, तुमच्या भाषेत नको, त्या जशा म्हणाल्या तसं सांगा.

"तिच्यावर भार फार झालाय. मला घेऊन जा. तिला कळू देऊ नकोस मी म्हणाले म्हणून."

दार उघडं होतं म्हणजे त्या दिवशी, मी फोनवर बोलत होते तेव्हा.

हे तुम्ही मला आज सांगताय? — मी बोलू दिलं नाही. हो, तेही खरंच. — नाही, मी रडत नाहीये, ह्या मापाच्या पावडरीचा वास जातो डोळ्यांत. सगळ्यांच्या जातो. तुम्ही बसून राहा, उठायचं नाही, टॉवेल सोडू नका.

आई! ओ आई! — मोठ्याने बोलते, त्यांना त्या बाजूला ऐकू कमी येतं — आई, तुम्ही भाऊजींना फोन केला होता? मला न विचारता? माझ्या घरातून, माझ्या पेशंटच्या फोनवरून, तुम्ही मला ओझं झालात म्हणून? कुणी सांगितलं तुम्हाला नसता शहाणपणा? आणि इथून जायचं तर कुणाला विचारलंत? काल मीठ दोनदा घातलं होतं भाजीत, दोनदा, आणि छान झालीये म्हणता? लाज नाही वाटत खोटं बोलायला या वयात? बाहेर या! आत बसून घड्या काय घालताय, बाहेर येऊन बोला काय ते!

थांबा. श्श. ऐका.

बशी. बशीचा आवाज आला ना? आला ना, भाऊजी?

दात लावतायत.

— अरेरे. बघा, अंगठा रुतला मापात. गेलं हे. असं कसं झालं कोण जाणे. पुन्हा घ्यावं लागेल. टेका मागे. नाही, तुम्ही आता एक अक्षर बोलायचं नाही, हे आमच्या दोघींचं आहे. आ करा. मोठं. अजून मोठं.